केळीच्या काट्याचं अ‍ॅप: लो-कोडवरच वाढवू की नवीन लिहून घेऊ?

तापीकाठ (प्रश्न)
राम राम मंडळी. सावदा-रावेर पट्ट्यात आमची केळीखरेदी आहे. कापणी शेतात, काटाही तिथेच आणि पावतीही बांधावरच. मी एका लो-कोड साधनावर (म्हणजे फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवता येतं असं साधन) मोबाइल अ‍ॅप उभं केलंय. प्रोग्रॅमिंग येत नसतानाही घड, वजन, कटती (वजनातली वजावट), त्या दिवसाचा भाव आणि पावती असं सगळं थोड्याच दिवसांत चालू झालं. मुकादमांनाही ते जमतं.
आता टोळ्या वाढल्यात. नदीकडच्या शेतांत रेंज नसते, मग संध्याकाळी दोन पावत्यांना एकच नंबर निघतो. कधी पावती दिसते, पण शेतकऱ्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) वजा झालेली नसते. वडील म्हणतात, हिशोबात शेतकऱ्याचा एक रुपयाही इकडचा तिकडे होता कामा नये. मलाही तेच वाटतं. हेच वाढवू की सॉफ्टवेअर लिहून घेऊ?

धुळेकर
आमच्या ऑफिसात रजा, हजेरी, गाड्यांची नोंद सगळं पॉवर अ‍ॅप्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लो-कोड साधनावर आहे, काही अडत नाही. साधन बदलून बघा, लिहून घ्यायला खर्च फार येतो.

भुसावळचा प्रोग्रॅमर
तापीकाठ भाऊ, मी जळगावच्या डाळ मिलांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.
पावती नंबराचा दोष लो-कोडवर टाकू नका. रेंज नसताना दोन फोन एकाच मालिकेतून नंबर काढत असतील, तर मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही हेच होईल. प्रत्येक फोनला वेगळी मालिका द्या: अ-1, अ-2, ब-1, ब-2. हे आजच करता येईल.
खरी अडचण उचलीची आहे. पावती बनणं, गाडीच्या भरतीत वजन चढणं आणि शेतकऱ्याच्या खात्यातून उचल वजा होणं ही तिन्ही कामं एकदम व्हायला हवीत, नाहीतर एकही होऊ नये. डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. अ‍ॅपच्या मागे डेटाबेसऐवजी गूगल शीटसारखी शीट जोडलेली असेल तर ही तीन कामं सहसा एकामागून एक, सुटी सुटी चालतात. मधलं फसलं तर पहिलं आपोआप मागे फिरत नाही. स्क्रीन कितीही सुंदर केली तरी ही उणीव भरत नाही.
धुळेकर, रजेच्या अर्जाला तुमचं साधन उत्तम आहे. पण पॉवर अ‍ॅप्समध्ये शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टचं याद्या-फायली ठेवायचं साधन) यादीवर बेरीज लावा. ती बेरीज सर्व्हरवर होत नाही. अ‍ॅप पहिल्या 500 ओळी आणतं, सेटिंग बदलून फार तर 2,000, आणि तेवढ्यांचीच बेरीज दाखवतं. बेरीज अपुरी असू शकते हा इशारा अ‍ॅप बनवणाऱ्याला दिसतो, वापरणाऱ्या मुकादमाला नाही. डेटाव्हर्स किंवा एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस जोडले की बरंच सुधारतं, पण मग परवान्याचा खर्च वाढतो. हंगामागणिक मुकादम बदलतात, तिथे दर माणशी दरमहा पैसे हा हिशोब नीट मांडून बघा. गूगल शीटची मर्यादा 1 कोटी सेल. 40 रकाने धरले तर अडीच लाख ओळी, आणि ती भरायच्या कितीतरी आधी अ‍ॅप रखडायला लागतं.
मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कटतीचा नियम बदलला, तर जुन्या पावत्यांचे आकडे हलले नाहीत ना, हे कसं तपासणार? माझ्याकडे नियम कोडमध्ये असतो, कोणी कधी काय बदललं ते गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) दिसतं आणि चाचण्या एका आज्ञेवर चालतात. लो-कोडमध्ये तो नियम कुठल्यातरी बटणामागे बसलेला असतो. शिवाय साधनच बंद पडलं तर? गूगलने अ‍ॅप मेकर हे आपलं लो-कोड साधन 19 जानेवारी 2021 ला बंद केलं. लोकांना डेटा मिळाला, पण अ‍ॅप पुन्हा नव्याने बांधावं लागलं.

तापीकाठ
म्हणजे सगळंच फेकायचं? मुकादमांना ही स्क्रीन आता सवयीची झालीय भो.

भुसावळचा प्रोग्रॅमर
मुळीच नाही. शेतातली नोंद आहे तिथेच राहू द्या, ते काम ते छान करतंय. फक्त खातं, उचल आणि पेमेंट बाहेर काढा. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस आणि त्यावर एक छोटा प्रोग्रॅम पुरेल. अ‍ॅपने कच्ची नोंद पाठवायची, आकडेमोड या प्रोग्रॅमने करायची. तीच नोंद दोनदा आली तरी खात्यात एकदाच चढेल, अशी अट लिहून घ्या. रेंज जात-येत राहिली की हे हमखास होतं.
लिहून घेतलं की जबाबदारीही येते, तीही आधी ठरवा. रोजचा बॅकअप कोण बघणार, लिहिणारा माणूस पुण्याला गेला तर कोड आणि पासवर्ड कोणाकडे, हे कागदावर आणा. मागच्या हंगामातल्या पावत्या नव्या प्रोग्रॅममधून काढून बघा. जिथे रक्कम जुळणार नाही, ती पावती घेऊन आधी त्या शेतकऱ्याकडे जा. प्रोग्रॅम त्यानंतर चालू करा.