पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी परतलेल्या बालकाची जबाबदारी नेमकी कोणाची?

प्रश्न (अंगणवाडी पर्यवेक्षिका, नंदुरबार जिल्हा)

नमस्कार. माझ्या बीटमधील (माझ्या देखरेखीखालील गटातील) बहुतेक अंगणवाड्या सातपुड्याच्या डोंगरातील पाड्यांवर आहेत. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावरील चौदा महिन्यांच्या मुलीचा दंडघेर १०.९ सेंटिमीटर, म्हणजे तीव्र कुपोषणाइतका कमी, भरला. सेविकेने सलग तीन दिवस घरी जाऊन समजूत घातली, तेव्हा कुठे आई तिला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित बालकांना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्रात, राहायला तयार झाली. मुलगी सुधारून घरी आली. परंतु ती घरी आल्याचे सेविकेला तब्बल अठरा दिवसांनी, तेही शेजारच्या बाईकडून कळले. डिस्चार्जचे कार्ड आईच्या पिशवीत तसेच होते, पहिल्या फेरतपासणीची तारीख उलटून गेली होती आणि वजन पुन्हा उतरले होते. आरोग्य विभागाकडे विचारणा केली असता पुढचे काम अंगणवाडीचे असल्याचे सांगण्यात आले, तर आमच्या बैठकीत उपचार हा आरोग्याचा विषय असल्याचे ऐकावे लागले. कोणावर ठपका ठेवावा म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या तालुक्यात असे बालक एका विभागाकडून दुसऱ्याकडे प्रत्यक्षात कसे सोपवले जाते, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (आहारतज्ज्ञ, पोषण पुनर्वसन केंद्र)

ताई, आमच्याकडेही पूर्वी हेच होत असे. वजनात १५ टक्के वाढ झाली आणि सूज नसली की बालकाला घरी सोडता येते. पण त्या दिवशी ते तीव्र कुपोषणातून पूर्णपणे बाहेर आलेले असतेच असे नाही, आणि नेमकी हीच गोष्ट कार्डावरून घरच्यांच्या लक्षात येत नाही. आता आम्ही बालकाला घरी सोडण्याच्या आदल्या दिवशीच सेविका आणि आशाताई या दोघींना फोन करतो. कार्डाचा फोटो पाठवतो आणि फेरतपासणीच्या तारखा आईला आठवडी बाजाराच्या दिवसाला जोडून सांगतो, कारण त्या दिवशी तिला गाडी मिळते. यासाठी कोणताही नवा शासन निर्णय लागला नाही. फक्त दोघींचे फोन नंबर दाखल करतानाच केसपेपरवर लिहून घ्यावे लागतात.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)

माझ्या मते अडचणीचे मूळ नोंदवह्यांत आहे. अंगणवाडीत वर्षानुवर्षे वयानुसार वजन पाहिले गेले, तर आम्ही उंचीनुसार वजन, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी दंडघेर किंवा दोन्ही पायांवरची सूज यांवरून तीव्र कुपोषण ठरवतो. वयानुसार फार कमी वजनाचे बालक खुजे असेल, तर उंचीनुसार ते तीव्र कुपोषित ठरेलच असे नाही. त्यामुळे एकाच पाड्याच्या दोन याद्या होतात, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या असतात आणि मासिक बैठकीचा वेळ कोणाचा आकडा बरोबर या वादात जातो. अंगणवाड्या ज्या योजनेत येतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मधली, आरोग्य विभागाची आशा योजना २००५ नंतरची. दोन्हींचे अहवाल वेगवेगळ्या वाटांनी वर जातात, हे आपल्या हातात नाही. गावातली यादी मात्र आपल्या हातात आहे. आम्ही ग्राम आरोग्य व पोषण दिनी आरोग्यसेविका, आशा आणि सेविका अशा तिघींना एकाच जागी बसवून वजन, उंची आणि दंडघेर मोजायला लावतो, आणि त्याच बैठकीत तिघी एका कागदावर सह्या करतात. केंद्रातून परतलेल्या बालकांची नावे या कागदावर सर्वात वर असतात.

उत्तर ३ (आशा गटप्रवर्तक)

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते, परंतु दोन गोष्टी राहून गेल्या. आशाताईंना अशा बालकाच्या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र मोबदला आहे, सेविकेकडे मात्र तेच काम मानधनातच धरले जाते. ही बोच उघडपणे बोलली गेली नाही तर सहकार्य कागदावरच राहते. आमच्याकडे दोघींनी आठवड्याच्या गृहभेटी वाटून घेतल्या, तेव्हा कुरबुर थांबली.

दुसरे, आई. केंद्रातील मुक्कामात तिची मजुरी बुडते आणि घरी दुसरे लेकरू असते. बुडीत मजुरीची रक्कम उशिरा मिळाली तर ती पुढच्या वेळी कशी येईल? शिवाय आपल्याकडे दिवाळीनंतर अख्खी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. महिला व बालविकास विभागाने नोव्हेंबर २०२१ पासून स्थलांतरितांच्या नोंदीची प्रणाली नंदुरबारसह काही जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात राबवली, तो मार्ग चांगला आहे. तरीही मुकादमाचा नंबर आणि पडावाचे गाव सेविकेने वहीत लिहून ठेवावे. त्या कुटुंबाचे ठिकाण कळले तरच तिकडच्या अंगणवाडीला कळवता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. येत्या बैठकीत मी एकाच यादीचा आणि तीवर तिघींच्या सह्यांचा आग्रह धरणार आहे, आणि दाखल करतानाच दोघींचे नंबर लिहून घ्यावेत अशी विनंती केंद्राला आजच लेखी पाठवते. त्या मुलीला आम्ही पुन्हा दाखल केले आहे. या वेळी तिच्या आजीलाही बोलावून घेतले, कारण घरी भरवण्याचे काम तीच करते, आणि पहिल्या खेपेस तिच्याशी बसून तिच्या पावरी बोलीत कोणीच बोलले नव्हते.