मदत हवी आहे: आरटीई लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश नाकारला

नमस्कार. मुलाचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांतून पहिलीसाठी नंबर लागला होता. शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर, म्हणजे 1 किमीच्या आतच. पण फॉर्म भरताना नकाशावरचा बलून (घराची जागा दाखवणारी खूण) आमच्या इमारतीऐवजी मागच्या गल्लीतल्या मंदिरावर पडला होता, तो माझ्या लक्षात आला नाही. पडताळणी समितीने ‘पत्ता आणि लोकेशन जुळत नाही’ म्हणून अर्ज रद्द केला. मंदिरापासूनही शाळा 1 किमीच्या आतच आहे, म्हणजे या चुकीमुळे आम्हाला काहीच फायदा मिळालेला नाही. तरीही कोणी ऐकून घेतलं नाही.

भाडेकरार नोटरी नाही, रजिस्टर्ड आहे, 11 महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीचा. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला (1 लाखाच्या आत) यांवर हरकत नाही. समितीकडे दोनदा गेले, तोंडीच ‘आता काही होणार नाही’ म्हणाले. लेखी कारण मागितलं, दिलं नाही. आम्ही पुणे जिल्ह्यात, महापालिका हद्दीत राहतो. फी भरून प्रवेश घेणं शक्य नाही.

अपील महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे करायचं की थेट शिक्षण उपसंचालकांकडे? लेखी नकार हातात नसताना अर्जाला काय जोडायचं? आणि निकाल लागेपर्यंत ही जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाऊ नये म्हणून काय करता येईल? बलूनच्याच कारणावरून कोणाचा प्रवेश परत मिळालाय का?