मदत हवी आहे: युकॉनमधील टॉम-जेसन साठ्यांतील जस्त-शिसे समुद्रतळावर साचले की गाळाच्या आत?

नमस्कार. मी भूशास्त्रात एम.एस्सी. करत असून, कॅनडातील युकॉन प्रदेशाच्या पूर्व सीमेलगत मॅकमिलन पास येथील टॉम आणि जेसन या जस्त-शिसे-चांदीच्या साठ्यांवर सेमिनार तयार करत आहे. टॉमचा शोध १९५१ साली लागला, जेसनचा सत्तरच्या दशकात. तरीही तेथे अद्याप खाण सुरू झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात तेलवाहिनीसाठी काढलेला नॉर्थ कॅनॉल हा कच्चा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, यावरून दुर्गमतेची कल्पना यावी. साठा मात्र किरकोळ नाही: २०१८ च्या अंदाजानुसार केवळ ‘इंडिकेटेड’ (बऱ्यापैकी खात्रीने मोजलेल्या) वर्गातच १.१२ कोटी टन खनिज असून त्यात जस्त ६.५९ टक्के, शिसे २.४८ टक्के आणि चांदी टनामागे २१.३ ग्रॅम आहे.

माझी अडचण उत्पत्तीविषयी आहे. हे साठे सेल्विन खोऱ्यातील उत्तर डेव्होनियन काळातील, कार्बनयुक्त आणि सिलिकायुक्त काळ्या मडस्टोनमध्ये (चिखलापासून बनलेल्या खडकात) आहेत. जवळच गाळ साचत असतानाच सक्रिय असलेल्या फॉल्टच्या (खडकातील भेगेच्या) कड्यांवरून घसरून आलेले भरड थर आढळतात. जुन्या मांडणीप्रमाणे उष्ण द्रव या फॉल्टमधून वर येऊन समुद्रतळावर बाहेर पडला आणि तळाच्या प्राणवायूविरहित, हायड्रोजन सल्फाइडयुक्त पाण्यात धातूंची सल्फाइडे थराथराने साचत गेली. द्रवाच्या मुखाजवळ अँकेराइट-सिडेराइट या लोहयुक्त कार्बोनेटांनी बदललेला, शिरांनी भरलेला खडक व त्यात गॅलेना (शिशाचे सल्फाइड), पायरोटाइट (लोहाचे) आणि थोडे चाल्कोपायराइट (तांबे-लोहाचे). दूर जावे तसे बराइट (बेरियमचे सल्फेट), चर्ट (सिलिकाचा खडक) आणि बारीक स्फॅलेराइटचे (जस्ताच्या सल्फाइडाचे) पातळ थर, ही रचना त्या मांडणीत चपखल बसते.

अलीकडील संशोधन मात्र सांगते की बराइट आधी गाळाच्या आत, अवसादनानंतरच्या प्रक्रियेत तयार झाले, आणि नंतर आलेल्या उष्ण द्रवाने त्याची जागा सल्फाइडांना दिली. प्रकाशित छायाचित्रांत बराइटच्या स्फटिकाची कड स्फॅलेराइटने कुरतडल्यासारखी दिसते आणि मध्ये बराइटचे बेट उरलेले असते, हे मला पटते. पण मग तेच स्फॅलेराइट इतक्या नेटक्या, सलग थरांत का दिसते? केवळ सूक्ष्मदर्शकाखालील पुराव्यावरून या दोन मतांत निवड कशी करावी? आपल्याकडील राजस्थानातील रामपुरा-आगुचा या जस्त-शिशाच्या खाणीचे नमुने पाहिले, परंतु उच्च रूपांतरणामुळे तेथील मूळ पोत पुसला गेला आहे. त्यामुळे तुलनेचा उपयोग झाला नाही.

प्रतिसाद:

आगुचा बाजूला ठेवलेत ते योग्यच केलेत. टॉमचे महत्त्वच यात आहे की तेथील रूपांतरण अगदी कमी दर्जाचे असल्याने पायराइटचे (लोहाच्या सल्फाइडाचे) फ्रॅम्बॉइड, म्हणजे सूक्ष्म कणांचे गोल पुंजकेसुद्धा ओळखू येतात.

थर दिसतो म्हणून खनिज तळावर साचले, हे अनुमान सर्वप्रथम सोडा. पातळ थरांच्या मडस्टोनमध्ये शिरलेला द्रव सच्छिद्र किंवा सहज विरघळणाऱ्या थरातूनच आडवा पसरतो, आणि बराइटचा थर गिळत गेलेले स्फॅलेराइट त्याच थराचा आकार घेते. गाळ मऊ असताना पडलेल्या घड्यांचाही आधार जपून घ्यावा: गाळ तेव्हा घट्ट झाला नव्हता एवढेच त्यांतून कळते, खनिज तळावर होते की काही मीटर खाली, हे कळत नाही.

माझ्या मते निर्णायक पुरावा घसरण-थरांत शोधावा. खनिजयुक्त थरावर लगेचच साचलेल्या भरड थरात त्याच खनिजाचे तुटके खडे सापडले, तर ते खनिज तेव्हा तळावर उघडे होते किंवा तळाच्या इतके जवळ होते की घसरणीने उखडले जावे. खडे नसतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून उलट निष्कर्ष काढू नका. कोअरच्या (छिद्रण करून काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) नोंदींत असे खडे पाहताना ते नंतर शिरलेल्या खनिजाने बदललेले साधे मडस्टोनचे खडे नाहीत ना, हेही तपासावे. खड्याची कड ओलांडून शीर आधारकापर्यंत (खड्यांभोवतीच्या बारीक गाळापर्यंत) जात असेल तर तो पुरावा बाद.

गंधकाच्या समस्थानिकांबाबत (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंबाबत) एक मुद्दा सेमिनारमध्ये जरूर मांडा. तेथील काही पायराइटमधील गंधक बराइटइतका किंवा त्याहूनही जड आहे. पूर्वी यावरून साचलेल्या पाण्याचे बंदिस्त खोरे कल्पिले जात असे. परंतु गाळात सल्फेट आणि मिथेन जेथे भेटतात त्या पट्ट्यातही जीवाणूंमुळे असाच जड गंधक तयार होऊ शकतो. मग सबंध खोऱ्याचे पाणी विषारी मानण्याची गरज उरत नाही. अर्थात येथे खडकाचे चूर्ण करून मोजलेली सरासरी उपयोगाची नाही, कारण दोन पिढ्यांचे पायराइट एकत्र मोजले जाते; एकेका कणावर घेतलेले मापनच वाचा.

दोन्ही मतांमधील अंतर मात्र वाटते तेवढे मोठे नाही. द्रव मऊ गाळातच शिरला असेल, तर अवसादन आणि खनिजीकरण यांत भूशास्त्रीय दृष्टीने फारसा काळ गेलेला नसणार. फरक पडतो तो शोधकार्यात: तळावर साचले असे मानल्यास तुम्ही एकच क्षितिज (एकाच काळातला थर) धरून दूरपर्यंत जाल, आत बदलले असे मानल्यास फॉल्टच्या जवळ राहून बराइटयुक्त थर आधी तपासाल. शिसे आणि चांदीचे प्रमाण मुखाजवळ वाढत असल्याने, चांदीसाठी तरी मी या दोनपैकी दुसरा, फॉल्टजवळचा मार्ग धरेन.