पडत्या वाऱ्यात शीड आवळू नका
वारा पडला की शीड घट्ट ओढावं, असा सल्ला होडी हाकणाऱ्यांना काही जण देतात. माझा अनुभव उलटा. सिअ‍ॅटलच्या लेक युनियन तलावावर उन्हाळ्यात दर मंगळवारी संध्याकाळी 'डक डॉज' ही शिडाच्या होड्यांची शर्यत असते, १९७४ पासून. भोवती टेकड्या आणि इमारती, त्यामुळे वारा घडीत इकडून, घडीत तिकडून. अशा वेळी शिडाचा दोर जरा सैल सोडा, शिडाला पोट येऊ द्या. सगळ्यांनी वाऱ्याआडच्या (वारा येतो त्याच्या उलट) बाजूला गुपचूप बसायचं. होडी किंचित कलते आणि शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं. नजर पाण्यावर ठेवा, काळसर सुरकुत्या दिसतील तिथे वारा. मागच्या खेपेला आम्ही चिवड्याच्या डब्यासाठी उठलो आणि तीन होड्या पुढे गेल्या! बक्षीस म्हणाल तर बदकाचं स्टिकर.