गच्चीवरचा दोरा

सोसायटी ग्रुप, दांडिया बाजार, बडोदा

ए-४०२ काका (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. वासी उत्तरायण (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची पतंगबाजी) होऊन दोन दिवस झाले, तरी गच्चीवर पतंगाच्या दोऱ्याची गुंतवळ तशीच. काल टाकीच्या पाइपाला कबुतर लटकलेलं होतं. मी आणि वॉचमननी नेलकटरनं एकेक फेरा कापत सोडवलं. पंख मोकळा झाला, पण उडेना. शेवटी प्राण्यांच्या ॲम्ब्युलन्सच्या १९६२ नंबरला फोन केला. रविवारी सकाळी ७ वाजता प्रत्येक घरातून एकानं गच्चीवर यावं. न येणाऱ्यास १०० रुपये दंड.

बी-३०१ रोहन: काका, दंड कशाचा? चायनीज दोरी मी आणली नाही, स्पीकर दहाच्या ठोक्याला बंद केला. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माझ्यावर सक्ती नको, हे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्येच ‘ऑन लिबर्टी’ पुस्तकात लिहून ठेवलंय. तो दोरा माझा नाही.

ए-१०३ वहिनी: दोऱ्यावर नाव असतं का रे? 😄 आणि आमच्याकडे तर कोणी पतंगच उडवत नाही. आम्हीपण यायचं?

बी-२०४ आप्पा: रोहन, मिल काढलास, बरं वाटलं. जन्मभर कॉलेजात तोच शिकवला. पण त्याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो की माणूस काही करून जसं नुकसान करतो, तसं काही न करूनही करतो. कोर्टात साक्ष देणं, देशाच्या संरक्षणात आपला वाटा उचलणं, कोणाचा जीव जात असेल तर वाचवणं, हे टाळलं तर समाज जाब विचारू शकतो. हे पान परीक्षेला येत नाही, म्हणून कोणी वाचत नाही.

बी-३०१ रोहन: म्हणजे दंड भरू?

बी-२०४ आप्पा: थांब. पुढं तो हेही म्हणतो की न केलेल्या गोष्टीबद्दल सक्ती फार जपून करावी. तेव्हा काका, दंड मलाही पटत नाही. शिवाय सभेत ठराव झालेला नाही.

ए-४०२ काका: आप्पा, दंडाशिवाय कोण येतं? मागच्या वर्षी आम्ही तिघं होतो. आणि सयाजीराव महाराजांनी नाही लावला दंड? १८९३ ला अमरेली तालुक्यात, १९०६ ला सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत नाही पाठवलं की बापाला दंड.

बी-२०४ आप्पा: तिथं सक्ती शोभते. बापाच्या मर्जीवर मुलाचं आयुष्य टांगलेलं, आणि मूल स्वतः भांडायला येऊ शकत नाही. मिललाही शिक्षणाची सक्ती मान्य होती, दंडासकट. फक्त शाळा सगळ्या सरकारनंच चालवाव्यात हे त्याला नको होतं. गंमत म्हणजे हा गृहस्थ १८२३ पासून ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला, आणि आपल्यासारख्या लोकांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही असं त्यानंच लिहिलं. बडोद्यानं मात्र शिक्षणाची सक्ती कंपनीच्या वारसदारांच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या, आधी करून दाखवली.

ए-१०३ वहिनी: आप्पा, कबुतरही भांडायला येऊ शकत नाही हो.

बी-२०४ आप्पा: 🙏 हे मला सुचायला हवं होतं. घटनेच्या कलम ५१-अ मध्ये प्राणिमात्रांबद्दल दया हे नागरिकाचं कर्तव्यच आहे. १९७६ साली आलेलं. कोर्टात मात्र ते नुसतं पुढं करून कोणाला दंड करता येत नाही. काका, म्हणूनच म्हणतो, बोलावू या, दटावायला नको.

ए-४०२ काका: बरं, दंड रद्द. पण रविवारी कोण कोण, आत्ताच लिहा.

ए-१०३ वहिनी: मी येते. चहा माझ्याकडून, उरलेली चिक्कीपण आणते.

बी-३०१ रोहन: येतो. पण सातला नाही, आठला.

ए-४०२ काका: आठला ऊन लागतं, दोरा दिसत नाही.

बी-३०१ रोहन: साडेसात. कबुतराचं काय झालं?

ए-४०२ काका: गाडीवाले घेऊन गेले, पुढचं कळलं नाही. गच्चीची चावी वॉचमनकडे आहे. कात्री आपापली आणा, माझं नेलकटर बोथट झालंय.