मदत हवी आहे : कोळशाची अधिसूचना निघालेल्या वावरात सौर पंप बसवावा का?

वणी तालुक्यात आमचं सहा एकर वावर आहे. कपाशी, तूर अन् एक विहीर. मागच्या महिन्यात कळलं की आमचा गट कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ च्या कलम ४ च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे सध्या फक्त पूर्वेक्षण, जमिनीखाली कोळसा आहे का याचा शोध. कलम ७ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी नोटीस आलेली नाही. ती आली की हरकतीला ३० दिवस मिळतात, एवढं वाचलंय.

पेच असा की सौर कृषी पंपासाठी माझा अर्ज मंजूर झालाय अन् १० टक्के हिस्सा भरायचा आहे. एक सरकार २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वीजक्षमता म्हणते, तेच वावराखालचा कोळसाही मागते. देशाची बहुतांश वीज अजून कोळशावरच होते, त्यामुळे खाण येणार नाही असं धरून मी चालत नाही.

तलाठ्याला विचारलं, तो म्हणाला सातबाऱ्यावर नोंद नाही, काळजी नको. खाणीच्या कार्यालयात "नंतर या" एवढंच. वकील लावायची ऐपत सध्या नाही. जमीन विकायची नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

२०१५ पासून मोबदल्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे निकष लागतात, हे माहीत आहे. मला एवढंच सांगा: कलम ४ नंतर बसवलेला पंप, पाइपलाइन, विहिरीचं बांधकाम मोबदल्यात धरतात का? ज्यांची जमीन अशी गेली, त्यांच्या पंचनाम्यात काय लिहिलं होतं?