पहिली भट्टी रिकामीच पेटवावी
कोळशाच्या धुरावर मांस शिजवण्यासाठी उष्णतारोधक थर असलेले कपाट (स्मोकर) नवे असले, तरी त्यात पहिल्याच दिवशी मांस लावायला हरकत नाही, असे इथे कोणी म्हटले आहे; ते मत मला पटत नाही. बनवून घेतलेल्या कपाटात पत्रा कापताना वापरलेले तेल उरलेले असते. मी आतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून कपाट तीन तास रिकामेच तापवले, तेव्हा सुरुवातीला आलेला वास कोणत्याही पदार्थाला लागू नये असाच होता. शिवाय दाराच्या खालच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघताना दिसली आणि कडी वेळीच आवळता आली. तापमानाचा मुद्दा मात्र कोणीच काढलेला नाही: असे कपाट उष्णता धरून ठेवते, त्यामुळे ११० अंश सेल्सिअस हवे असल्यास हवेची झडप मी आता ९५च्या सुमारासच जवळजवळ मिटतो, कारण पहिल्या खेपेस पारा १४०वर गेला आणि कोळसा गुदमरवूनही तो उतरायला तासाहून अधिक वेळ लागला.